नकाराची किंमत: विषुववृत्तावरचा नेपच्यूनचा दरबार

#धागा #इतिहास #म

१/ १७ फेब्रुवारी १८३२. 'बीगल' हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज अटलांटिक महासागरात विषुववृत्त ओलांडत होते. एका तरुणाला डोळ्यांवर पट्टी बांधून वर आणले गेले. चहूबाजूंनी बादल्यांनी पाणी कोसळत होते. त्याला फळीवर बसवून चेहऱ्याला व तोंडाला डांबर आणि रंग फासला गेला, पिंपाच्या खरबरीत लोखंडी पट्टीने तो खरवडला गेला, आणि मग फळी उलटवून त्याला पाण्यात पालथे पाडण्यात आले.

२/ तरुणाचे नाव चार्ल्स डार्विन. पाचच दिवसांपूर्वी त्याला २३ वर्षे पूर्ण झाली होती आणि केंब्रिजची पदवी परीक्षा देऊन जेमतेम वर्ष लोटले होते. त्याला पाण्यात लोटणारे कोणी शत्रू नव्हते. त्याच्याच जहाजावरचे खलाशी होते. हा संस्कार होता, खेळ होता की छळ? मित्रहो, आजचा धागा या प्रश्नाविषयी.

३/ प्रथा थोडक्यात अशी. पूर्वी विषुववृत्त ओलांडलेला एखादा जुना खलाशी समुद्रदेव नेपच्यूनचे सोंग घेतो. त्याच्यासोबत राणी अँफिट्राइटी, न्हावी, वैद्य आणि शिपाई असतात. प्रथमच रेषा ओलांडणाऱ्यांना या दरबारापुढे उभे केले जाते. 'हजामत' आणि बुचकळी झाली की नवखा जाणत्यांच्या पंक्तीत येतो. अमेरिकी आरमारात नवख्याला 'पॉलिवॉग' म्हणजे बेडकाचे पिल्लू म्हणतात, तर दीक्षा झालेल्याला 'शेलबॅक'.

४/ रेषा ओलांडण्याचे एवढे अप्रूप का? एक तर ती दिसत नाही. मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून, गणित करूनच ती कळते. १४७० च्या दशकात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने प्रथम तिच्या पलीकडे गेली, तेव्हा ध्रुवतारा क्षितिजाखाली बुडाला. ज्याच्या अढळपणाची आपण उपमा देतो, तोच तारा नाहीसा झाल्यावर खलाशाच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना करून पाहावी.

५/ त्यातच विषुववृत्ताजवळ असतो तो शांत पट्टा. शिडे मरगळून लोंबतात, जहाज दिवसेंदिवस जागचे हलत नाही, प्याचे पाणी मोजून वापरावे लागते. भय आणि कंटाळा एकत्र आले की माणसे विधी रचतात. १५२९ मध्ये फ्रान्सच्या दिएप्प बंदरातून सुमात्राकडे निघालेल्या पार्मांतिए बंधूंच्या जहाजांवर रेषा ओलांडताना सुमारे ५० जणांना 'नाइट' ही पदवी दिली गेली आणि प्रार्थना झाली. या प्रथेच्या सर्वांत जुन्या ज्ञात वर्णनांपैकी हे एक. त्यात ना डांबर होते, ना बुचकळी.

६/ पुढच्या दोन शतकांत प्रार्थना मागे पडली आणि पाणी उरले. आता २५ ऑक्टोबर १७६८ कडे येऊ. जेम्स कुकचे 'एंडेव्हर' विषुववृत्तावर पोहोचले. जहाजावर २५ वर्षांचे धनाढ्य निसर्ग अभ्यासक जोसेफ बँक्स होते. त्यांच्या रोजनिशीत त्या दिवसाचा बारकाईने लिहिलेला वृत्तान्त आहे.

७/ प्रथम यादी झाली. जहाजावरच्या प्रत्येकाचे नाव तीत होते. कुत्री-मांजरेही सुटली नाहीत! बुडवायच्या नवख्यांत स्वतः कप्तान कुकही होते, कारण त्यांचीही ही पहिलीच वेळ. पद, पैसा, विद्या यांना क्षणभर किंमत नव्हती. किंमत होती ती केवळ अनुभवाला. या प्रथेचे आकर्षण बहुधा इथेच आहे. आपल्याकडच्या शिमग्यातही सोंगांच्या आडून थोरामोठ्यांची टर उडवण्याची मुभा असते, तशीच ही गंमत.

८/ परंतु मुभेलाही दरपत्रक होते. चार दिवसांच्या वाट्याची दारू द्या आणि सुटा! बँक्स यांनी ब्रँडी देऊन स्वतःची, आपल्या नोकरांची आणि आपल्या कुत्र्यांचीही सुटका करून घेतली. अनेक खलाशांनी मात्र दारू सोडण्यापेक्षा बुचकळी पत्करली. आणि जहाजावरची पोरे? त्यांना निवडच नव्हती. पोरांना नेहमीच बुडवले जाते, असे बँक्स सहजपणे नोंदवतात.

९/ बुडवण्याची रीतही सौम्य नव्हती. दोराला बांधलेल्या आडव्या लाकडावर माणसाला बसवून डोलकाठीच्या आडव्या वाशापर्यंत वर ओढायचे आणि एकदम समुद्रात सोडायचे. असे तीन वेळा. सुमारे २१ जण या दिव्यातून गेले. काही जण ऐटीत हसत वर आले, तर काहींचा जीव गुदमरला होता; पहिल्या-दुसऱ्या बुचकळीनंतरच त्यांना दारू दिली असती तर बरे, असे वाटू लागले होते. बँक्स यांना तो देखावा करमणुकीचा वाटला. ते कोरडे होते.

१०/ आता पुन्हा 'बीगल'वर. तेथे ३२ नवखे होते आणि त्यांना खालच्या मजल्यावर अंधारात व उकाड्यात कोंडून एकेकाला वर नेले जात होते. डार्विन या नवख्यांना 'ग्रिफिन' म्हणतो. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात नव्याने उतरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यालाही हाच शब्द लावत. नवख्याची थट्टा करणे ही तत्कालीन साम्राज्याची जणू सामायिक भाषाच होती.

११/ डार्विन प्रांजळपणे लिहितो की आपली सुटका स्वस्तात झाली. इतरांचे हाल याहून वाईट होते. त्यांच्या तोंडात घाणेरडी मिश्रणे कोंबली गेली. कप्तान फिट्झरॉय यांच्यासह कोणीही कोरडे राहिले नाही, हे खरे. पण भिजणे सर्वांच्या वाट्याला आले, तरी यातना समान वाटल्या गेल्या नाहीत.

१२/ फिट्झरॉय यांनी १८३९ च्या प्रवासवृत्तान्तात या प्रथेची पाठराखण केली. अनेक जण तिला मूर्खपणाची व धोकादायक म्हणतात, हे त्यांना मान्य होते. मात्र खलाशी हौसेने तयारी करतात, तो दिवस उपभोगतात आणि पुढे कितीतरी काळ त्याविषयी बोलत राहतात, म्हणून ती बंद पडली तर चुटपुट लागेल, असे त्यांचे मत. या युक्तिवादात साक्षीदार कोण, हे पाहावे: ज्यांना मजा आली ते.

१३/ एक शंका अनेकांच्या मनात येईल: आपल्याकडून विलायतेस शिकायला गेलेल्यांच्या आठवणींत हा प्रसंग का नाही? उत्तर नकाशात आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्यानंतर मुंबईहून एडन, सुएझमार्गे इंग्लंडला जाणारी बोट विषुववृत्त ओलांडतच नसे. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जुन्या मार्गावर मात्र इंग्लंड ते मुंबई प्रवासात ते दोनदा ओलांडावे लागे.

१४/ विसाव्या शतकात विद्यार्थीच जहाजावर राहू लागले. १९२६ मध्ये 'रिंडॅम' जहाज सुमारे ५०० विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेतून जगप्रवासाला निघाले: तरते विद्यापीठच! १९६० च्या दशकात सुरू झालेल्या अशाच उपक्रमातून आजचे 'सेमिस्टर अ‍ॅट सी' उभे राहिले. सकाळी वर्ग, मग बंदरांचा अभ्यास, आणि विषुववृत्त आले की 'नेपच्यून डे'.

१५/ त्या दिवशी खलाशी ढोल-थाळ्या बडवत विद्यार्थ्यांना जागे करतात. अंगावर गिळगिळीत रंगीत पाणी, तलावात उडी, माशाचे चुंबन, नेपच्यूनला मुजरा. काही जण डोके भादरून घेतात, त्यांत मुलीही असतात. घटक जवळपास तेच, १७६८ आणि १८३२ चे. बदलली आहे एक गोष्ट: ज्याला नको असेल तो बाजूला उभा राहून पाहू शकतो आणि त्यासाठी त्याला दारू मोजावी लागत नाही.

१६/ हा बदल काळाच्या ओघात आपोआप घडला, असे समजू नये. १९९५ मध्ये 'ऑन्सलो' या ऑस्ट्रेलियन पाणबुडीवर झालेल्या विधीची चित्रफीत पुढे बाहेर आली, तेव्हा तेथील प्रकार पाहून मोठे वादंग माजले. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. 'परंपरा आहे', 'यानेच मैत्री जुळते', 'आम्हीही सोसले' ही वाक्ये वसतिगृहातही ऐकू येतात. फिट्झरॉय यांचा युक्तिवाद याहून फारसा वेगळा नव्हता.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक धडा मिळतो. या प्रथेची आपल्याला ठाऊक असलेली वर्णने कोणाची? ब्रँडी देऊन सुटलेल्या बँक्स यांची, स्वस्तात सुटलेल्या डार्विनची आणि आज्ञा देणाऱ्या फिट्झरॉय यांची. 'नेहमीच बुडवल्या जाणाऱ्या' त्या पोरांपैकी एकाचाही आवाज या पानांत नाही. साधने आनंदाने भरलेली दिसली, की ती कोणी लिहिली हे आधी विचारावे.

१८/ म्हणून संस्कार की छळ, याचा निवाडा डांबरावरून किंवा पाण्यावरून होत नाही. ज्याला 'नको' म्हणायचे होते त्याला ते म्हणता आले का, आणि म्हटल्यावर त्याला काय मोजावे लागले, हे पाहावे लागते. भर समुद्रातल्या जहाजावरून उतरून जाता येत नाही. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही तसेच वाटत असते.

धागा समाप्त. आपल्या गावच्या, बंदरावरच्या किंवा महाविद्यालयातल्या अशा 'दीक्षाविधीं'च्या जुन्या नोंदी कोणाकडे असतील, तर खाली अवश्य लिहा. विशेषतः ज्यांना बुडवले गेले, त्यांच्या.