कांगांचे चेंबर : वकिलीतले एक घराणे

गाण्यात घराणी असतात, कुस्तीत तालमी असतात. मुंबईच्या वकिलीतही अशी घराणी झाली. त्यांतले सर्वांत मोठे सर जमशेटजी कांगा यांचे. १९२२ ते १९३५ या काळात ते मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल होते.

चेंबर म्हणजे भागीदारीतली पेढी नव्हे. तेथे नफ्याची वाटणी नसे. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टरला ब्रीफ देई. ज्युनिअरने ज्येष्ठांची ब्रीफे वाचायची, टिपणे काढायची, कोर्टात त्यांच्या मागे बसायचे. पुढे त्याचा स्वतंत्र जम बसला, तरी त्याच्यावर कोणाचा हक्क राहत नसे. राहत असे ते फक्त नाते.

या नात्याने काय दिले? १९३२ मध्ये होरमसजी सीरवाई या चेंबरमध्ये आले, १९४४ मध्ये नानी पालखीवाला. पुढे फली नरिमन आणि सोली सोराबजीही आले. १९५० मध्ये कांगा-पालखीवाला या जोडनावाने प्राप्तिकर कायद्यावरचा ग्रंथ निघाला. पुढच्या पिढ्यांतील वकिलांनी त्याच्या आवृत्त्या अद्ययावत केल्या. कांगा १९६९ मध्ये गेले. ग्रंथावरचे त्यांचे नाव मात्र राहिले.

खरी कसोटी लागली केशवानंद भारती खटल्यात. १९७२-७३ मध्ये तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांतर्फे पालखीवाला उभे होते, तर केरळ राज्यातर्फे सीरवाई. सोराबजी पालखीवालांच्या साहाय्याला होते. संसदेला राज्यघटना कुठवर बदलता येते, या प्रश्नावर एकाच चेंबरमध्ये घडलेले दोन वकील समोरासमोर आले. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला आणि घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त रुजला.

आज मोठ्या लॉ फर्म आपल्या माजी वकिलांशी संबंध राखतात, त्यामागे रोकडा हिशेब असतो. फर्म सोडून गेलेला वकील उद्या एखाद्या बँकेच्या विधी विभागाचा प्रमुख होतो आणि काम कोणाला द्यायचे हे तोच ठरवतो. जाणाऱ्याला फितूर समजणारी फर्म हे काम गमावते. पण कांगांच्या चेंबरची मिळकत याहून मोठी होती. तेथून बाहेर पडलेल्यांनी एकमेकांविरुद्ध युक्तिवाद केले, त्यामुळे चेंबरचे नाव कमी झाले नाही. उलट न्यायालयाला दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने ऐकायला मिळाल्या.