नाव एक की दोन?

गेल्या महिन्यात आमच्या घरी नात जन्मास आली. मुलगी आमची, जावई पोलंडहून आलेल्या घराण्यातील. नावावरून पेच पडला. माझ्या आईची इच्छा, पणतीस आपले नाव लागावे. परंतु अश्केनाझी लोक हयात माणसाचे नाव बाळास ठेवणे अशुभ मानतात. उलट सेफर्दी घराण्यांत हयात आजोबांचे नाव नातवास देणे हा मान समजला जातो. इस्राएलात आल्यापासून असे प्रसंग आपल्या अनेक कुटुंबांत येतात. तेव्हा आपल्या पूर्वजांनी नावांचा प्रश्न कसा सोडविला, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

कोकणात आपले लोक तेल गाळीत व शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शास्त्रातील नावे त्यांनी टाकली नाहीत, मात्र ती गावच्या जिभेवर रुळतील अशी केली. सामुएलचा सामाजी झाला, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. स्त्रियांत तर अनेकींस शेजारणींप्रमाणे मराठी नावे असत.

मुंबईत १७९६ साली आपले पहिले प्रार्थनालय, ‘शाआर हारहमीम’, बांधणारे सामुएल एजेकिएल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून प्रसिद्ध होते. हे नाव नीट वाचावे. पहिले स्वतःचे, दुसरे पित्याचे, तिसरे गावाचे. मराठी रिवाजाने मध्ये घातलेले पित्याचे नाव म्हणजे तोरापुढे पुकारला जाणारा ‘बेन’च नव्हे काय? आणि ‘कर’ या प्रत्ययात आपला भूगोल साठला आहे: पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, किहीमचे केहीमकर.

दोन नावे धारण करणे यात कमीपणा नाही. योसेफास फारोने मिसरी नाव दिले, दानिएलास बाबेली नाव मिळाले, एस्तेर राणीचे दुसरे नाव हदस्सा. मात्र मिद्राशात असेही सांगितले आहे की, मिसरात इस्राएल लोकांनी आपली नावे बदलली नाहीत, हे त्यांच्या सुटकेचे एक कारण होय. या दोन्ही गोष्टींचा अर्थ मला एकच वाटतो: नवे नाव घ्यावे, पण जुने विसरू नये. कधी एकच नाव दोन्ही भाषांत शोभते. मुंबईचे कवी निस्सीम एजेकिएल (१९२४–२००४) यांचे नाव हिब्रूत ‘चमत्कार’, तर मराठीत ‘अमर्याद’.

विसरण्याचे फळ आमच्याच घरी दिसते. येथे आल्यावर एका कचेरीत नोंद होताना माझ्या चुलत्यांच्या आडनावातील ‘कर’ गळाला. आज त्यांच्या नातवंडांस आपले गाव कोणते, हे सांगता येत नाही.

अखेर आमचा पेच आईनेच सोडविला. ‘माझे नको, माझ्या आईचे ठेवा, ती देवाघरी गेली आहे,’ असे ती म्हणाली. व्याह्यांनी आनंदाने मान डोलाविली. कागदोपत्री पणतीस त्या माउलीचे शास्त्रातील नाव लागले. पाळण्यावर वाकून आई मात्र तिला कोकणातल्या नावाने हाक मारते.

वाचकांस एवढीच विनंती: घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर मागील पिढ्यांची नावे, शास्त्रातील व गावातील दोन्ही, गावासह एका वहीत उतरवून ठेवावीत. बाळास कोणतेही नाव द्या. ती वही मात्र त्याच्या हाती पडू द्या.