राजा वितळवणाऱ्या मुली

आज एका यादीबद्दल बोलायचंय. मिसेस मार्विन, 6,058. रूथ मार्विन, 11,592. लॉरा, 8,378. मेरी ॲन, 10,790. फ्रेडरिक, 936. मिसेस बीच, 1,802. ऐकताना वाण्याच्या उधारीची वही वाटते ना? पण हे बंदुकीच्या गोळ्यांचे आकडे आहेत. 1776 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट प्रांतात, लिचफिल्ड गावच्या एका घराच्या आवारात ओतलेल्या गोळ्या. आणि त्यांचं शिसं आलं होतं इंग्लंडच्या राजाच्या पुतळ्यातून!

हा पुतळा तिसऱ्या जॉर्जचा. घोड्यावर बसलेला, शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. स्टॅम्प ॲक्ट मागे घेतल्याच्या आनंदात न्यूयॉर्ककरांनी स्वतःच तो मागवला आणि 1770 मध्ये बोलिंग ग्रीनवर बसवला. सहाच वर्षांनी, 9 जुलै 1776 ला, वॉशिंग्टनच्या सैन्यासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच संध्याकाळी सैनिक आणि गावकऱ्यांनी दोर लावून राजाला घोड्यासकट खाली ओढला. वॉशिंग्टन खूश झाला नाही बरं का. दुसऱ्या दिवशीच्या आज्ञापत्रात त्याने सुनावलं, की उत्साह ठीक, पण हा दंगा झाला. असली कामं योग्य अधिकाऱ्यांवर सोडा.

पण शिसं कोण सोडणार? बंडखोरांकडे दारू आणि शिसं दोन्हींची चणचण होती. न्यूयॉर्कमधल्या घरांच्या खिडक्यांना लावलेली शिशाची वजनंसुद्धा काढून घेतली जात होती. शिशाची मोठी सोय म्हणजे ते 327 अंशांना वितळतं. लोखंडासारखी भट्टी लागत नाही. घरची आग, एक भांडं, एक पळी आणि सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा, एवढ्यावर भागतं. त्यामुळे त्या काळी गोळी ओतणं हे घरातलंच काम होतं.

पुतळ्याचे तुकडे नॉरवॉकमार्गे गाड्यांवर लादून लिचफिल्डला ऑलिव्हर वोल्कॉटकडे पोचले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हा एक. धाकट्या फ्रेडरिकने पुढे म्हातारपणी आठवण सांगितली, की घराशेजारच्या सफरचंदाच्या बागेत खास एक छप्पर उभारलं होतं. वडील लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीने राजाचे तुकडे करायचे आणि मुली गोळ्या ओतून त्यांची काडतुसं बांधायच्या. मुलींची नुसती धमाल चालली होती, असं त्याचं म्हणणं.

मला ही धमाल पूर्ण पटत नाही. लॉरा तेव्हा 14 वर्षांची, मेरी ॲन 11 ची, फ्रेडरिक स्वतः 8 चा. पहिली शंभरेक गोळ्यांपर्यंत मजा असेलही. पण 10,790? पळी बुडवायची, साचा भरायचा, उघडायचा, गोळीचं शेपूट छाटायचं, परत पळी. हे दहा हजारांवर वेळा, अकरा वर्षांच्या पोरीने. आणि 936 वर थांबलेला भाऊ सांगतोय की धमाल होती! शिवाय शिसं मुलांच्या मेंदूला किती घातक, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या बागेत याची फिकीर कुणाला असणार?

यादीत शेवटी ‘इतर मंडळी’ अशी एक नोंद आहे, 2,182 गोळ्यांची. ती मंडळी कोण, ते लिहिलेलं नाही. त्यात स्थानिक शिबंदीला दिलेल्या 50 आणि एका रेजिमेंटला दिलेल्या 300 मिळवल्या, की बेरीज होते 42,088.

आता जरा हिशोब करू. पुतळ्याचं वजन सांगतात 4,000 पौंड. मस्केटच्या गोळ्या पौंडाला साधारण सोळा-सतरा बसायच्या. म्हणजे या सगळ्या गोळ्यांना लागले अडीच हजार पौंड. उरलेलं शिसं गेलं कुठे? काही तर नक्कीच वाटेत गेलं. राजाचं डोकं राजनिष्ठांनी पळवून लंडनला पोचवलं. आणि नॉरवॉकजवळच्या विल्टन गावात, दलदलीत आणि शेतात, एकोणिसाव्या शतकापासून पुतळ्याचे तुकडे सापडत आलेत. तिथल्या राजनिष्ठांनी ते लपवले असावेत, असं मानतात. घोड्याची शेपटी अशीच वाचली. ती आज न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या संग्रहालयात आहे.