पावसाळ्यात कपाट का फुगतं? प्लाय, एमडीएफ घेण्याआधी हे वाचा

घर बांधून झालं की हातात पैसा उरत नाही. सागवान परवडत नाही, म्हणून दारं, कपाटं, किचन ट्रॉलीसाठी प्लाय किंवा बोर्ड आणला जातो. मात्र एक-दोन पावसाळ्यांतच कपाटाचा खालचा भाग फुगतो, सनमायका सुटतो, बिजागरीचे स्क्रू निघून येतात. यात दरवेळी सुताराची चूक नसते. बऱ्याचदा ओल्या जागी कोरड्या जागेचा बोर्ड लावलेला असतो.

बोर्ड फुगतो कसा?

लाकूड हवेतला ओलावा ओढून घेतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. त्याहून जास्त ओल टिकली तर बुरशी लागून लाकूड कुजू लागतं.

प्लायमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. ते एकमेकांना धरून ठेवतात. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या तुकड्यांपासून आणि एमडीएफ बारीक तंतूंपासून दाबून बनवतात. साध्या प्रकारचे हे बोर्ड भिजून एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर येत नाहीत.

कुठे काय वापरावं?

- बेडरूम, हॉलमधलं कोरडं फर्निचर: एमआर प्लाय. तो दमट हवा सोसतो, सतत पाणी नाही.
- सिंकखाली, बाथरूमजवळ: आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी प्लाय. याचा चिकटपणा ७२ तास पाण्यात उकळून तपासला जातो.
- एमडीएफ, पार्टिकल बोर्ड: फक्त कोरड्या जागी.

उन्हाचं काय?

उन्हाने बोर्ड वाळतो आणि आकसतो. एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने ओल असेल तर तो वाकतो. लोखंडापेक्षा लाकडातून उष्णता खूपच कमी जाते, म्हणून पत्र्याखाली प्लायचं सीलिंग करतात. पण थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब बोर्डवर पडतात. त्यामुळे पत्रा आणि सीलिंगमध्ये हवा खेळेल अशी मोकळी जागा ठेवावी. चूल किंवा गॅसजवळ बोर्ड लावू नये. तो पेट घेतो.

काम सुरू करण्याआधी

- नव्या गिलाव्यावर दोन फुटांचा प्लास्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतून थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. थांबावं.
- पाणी सर्वात आधी कापलेल्या कडेतून शिरतं. मागची, खालची आणि स्क्रूच्या भोकाची कडसुद्धा रंग, पॉलिश किंवा पट्टीने बंद करावी.
- कपाट थेट फरशीवर न टेकवता पायांवर उभं करावं, भिंतीपासून थोडं लांब ठेवावं.
- आयएसआय शिक्का आणि ग्रेड प्रत्येक शीटवर पाहावी, बिलावरही लिहून घ्यावी.

सगळं घर महागड्या प्लायने करायची गरज नाही. जिथे पाणी लागतं तिथे चांगला प्लाय आणि सगळ्या कडा बंद, एवढं केलं तरी खर्च वाया जात नाही.