हळू, बाबा झोपलेत

हातातला फोन खाली ठेवा. आपण जातोय तिथे त्याला रेंज मिळायची नाही. चपला दाराबाहेरच काढा, आणि काढताना आवाज होऊ देऊ नका.

जून 1984. तुम्ही बारा वर्षांचे, सातवीत. चिंचवडला मोहननगरातल्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीला टेकून बसलाय आणि गणित मनातल्या मनात सोडवताय. खिडकीवर चादर टांगलीय. त्या अंधारात बाबा झोपलेत. या आठवड्यात त्यांची थर्ड शिफ्ट आहे. सकाळी आले, आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि आडवे झाले. खिळ्याला अडकवलेल्या त्यांच्या शर्टाला कूलंटचा वास येतोय, आंबूस, तेलकट. साबणाने तो पुरता जात नाही.

आईने भर्रभर्र करणारा पंपाचा स्टोव्ह कोपऱ्यात सरकवलाय आणि वातीच्या स्टोव्हवर पोळ्या भाजतेय. रॉकेलच्या वासाने डोळे चुरचुरतात. रेडिओ बंद, कुकर बाबा यायच्या आधीच उरकलेला. धाकट्या बहिणीला शिंक येते तेव्हा ती फ्रॉकमध्ये तोंड खुपसते. अशी सकाळ साडेअकरापर्यंत काढायची. मग डबा, दप्तर आणि रस्ता.

रस्त्यावर पाऊल टाकलंत की कान उघडतात. कुठल्यातरी कंपनीचा भोंगा होतो. समोरून टेल्कोच्या ट्रकची नुसती चासी धावत येते, ना केबिन, ना टप. ड्रायव्हर उघड्यावर बसलेला, तोंडाला फडकं, डोळ्यांना गॉगल. तुम्ही हात करता, तोही करतो. पुढे कुठल्याशा गेटजवळ तापलेल्या लोखंडाचा वास नाकात शिरतो. भिंतीपलीकडे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. बाबा त्यांच्या कंपनीतलं घरी काही सांगत नाहीत.

आणि ही तुमची शाळा. खाजगी म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे टाय आणि एसी बस आली असेल, तर ती पुसून टाका. ही संस्थेची शाळा आहे, अनुदानित. मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून होतो, बाकीच्यासाठी संस्थेला देणगीदारांची दारं झिजवावी लागतात. म्हणून वर पाहा, पंख्याच्या पात्यावर रंगाने लिहिलंय, ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा फिरायला लागला की अक्षरांची एक पांढरी रेघ होते. तुमचा बाकही असाच कुणाच्या तरी आठवणीचा. एकावर चौघं बसता, घामेजलेल्या मांड्या एकमेकांना चिकटतात. ऑफिसातला क्लार्क दारातून ओरडतो, “फीसवलतीचे, ईबीसीचे फॉर्म कुणाचे राहिलेत?” चार-पाच हात वर होतात, सावकाश.

दप्तरातलं इतिहासाचं पुस्तक काढा. आईने कव्हरच्या खाकी कागदावर पैसे घालवलेले नाहीत. बाबांनी कंपनीतला रद्द झालेला ड्रॉइंगचा कागद आणलाय, निळसर रेघांचा. नाकाशी धरा, अमोनियाचा उग्र भपकारा येईल. इतिहासाच्या पुस्तकावर एका गिअरचं चित्र आलंय, दात न दात मोजून काढलेलं, कडेला बारीक आकडे. कंटाळवाण्या तासाला तुम्ही ते दात बोटाने मोजता. बत्तीस. शेजारच्याच्या पुस्तकावर नुसताच एक लांब दांडा आहे, त्यामुळे तुमचा भाव वधारलेला आहे.

वर्गात कान द्या. मागच्या बाकावरचा वऱ्हाडी ‘काऊन?’ म्हणतो, मराठवाड्याचा ‘काय करायलास?’ विचारतो. केरळातून आलेल्या मुलाच्या तोंडी दोघांचे शब्द एकत्र बसलेत. सगळ्यांचे वडील कामासाठी इथे आले. पण ओळख करून घेताना गाव नंतर, आधी प्रश्न येतो, “तुझे बाबा परमनंट का टेंपररी?” बारा वर्षांच्या पोरांना या दोन शब्दांमधलं अंतर नेमकं ठाऊक असतं. टेंपररीवाल्याचा आवाज उत्तर देताना एक पट्टी खाली येतो. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

मधल्या सुट्टीत धुरळा. गोट्यांच्या डावात कुणीतरी बेअरिंगमधला छर्रा काढतो, चकचकीत, हातात जड. काचेच्या गोटीवर बसला की तिचा टवका उडतो. मग भांडण, आरडाओरडा, आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्याने.

परत तासाला बसता तोच आभाळ फुटतं. वर पत्रा आहे. पहिले थेंब फुटाण्यासारखे तडतडतात, मग नुसता गडगडाट. सरांचे ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. ते हसतात, खडू ठेवतात. आणि साठ पोरं गळ्याच्या शिरा ताणून पाढे म्हणायला लागतात. ओरडा, तुम्हीही ओरडा. सकाळभर छातीत दाबून ठेवलेला सगळा आवाज इथे सोडा. इथे कुणी झोपलेलं नाही.

सुटताना सर सांगतात, “उद्या सकाळी सातला, गणवेशात. पालखी आहे.”

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामी आलीय. सकाळी ती पुण्याकडे निघते तेव्हा तुम्ही मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला रांगेत उभे असता, हातात पाण्याची कळशी. ओल्या मातीचा, बुक्क्याचा, घामेजलेल्या धोतरांचा वास. मृदंगाचा ठेका थेट पोटात वाजतो. एक आजी डोक्यावरची तुळस सावरत ओंजळ पुढे करते, तुम्ही ओतता, तिच्या कोपरावरून ओघळ तुमच्या पायांवर येतो.

गर्दीने कंपन्यांच्या बस अडवून ठेवल्यात. माणसं उतरून चालत निघालीत, रात्रपाळीच्या तारवटलेल्या डोळ्यांनी. त्यांतला एक तुमच्यासमोर रस्त्यापलीकडे थांबतो, डबा काखेत धरतो, दोन्ही हात वर करतो.

“पुंडलिक वरदे...”

एवढा मोठा आवाज. त्यांचाच का, म्हणून तुम्ही पुन्हा बघता. बाबाच आहेत. गळ्याची शीर फुगलीय, कूलंटच्या डागांचा तोच शर्ट. कळशी कलंडते आणि तुम्ही रांग मोडून, सर बघत असताना, तितक्याच जोरात ओरडता, “हारि विठ्ठल!”

तासाभराने घरी पोचता. चपला बाहेर. खिडकीवर चादर चढलीय. आई ओठांवर बोट ठेवते आणि वातीचा स्टोव्ह पुढे ओढते.