दहा श्वासांचा एक मणी

माझा धाकटा भाऊ रहिमतपूरच्या आमच्या घरात गेला, तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. खोकला, ताप आणि धाप. बायका म्हणाल्या, पोरगं 'डब्या'नं गेलं. उशाशी गावची सुईण बसली होती. धाप तिलाही दिसत होती. पण ती किती म्हणजे धोक्याची, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते.

पुढे गडचिरोलीची हकीकत वाचली, तेव्हा ती सुईण आठवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये तिथे गेले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध देण्याचे काम आरोग्यसेवक आणि सुईणी यांना शिकवले. खोकणाऱ्या बाळाचे श्वास मिनिटाला किती, यावर निदान होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजावा. पण निरक्षर सुईणीने पन्नास मोजायचे कसे? त्यासाठी एक साधन केले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की न्यूमोनिया.

अडाणी हातांत प्रतिजैविके द्यावीत का, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर वादाने नव्हे, मोजून दिले गेले. काही गावांत हे उपचार सुरू केले, काही गावे तुलनेसाठी ठेवली. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू उपचारांच्या गावांत 8.1 होते, तुलनेच्या गावांत 17.5. पुढे गावच्याच स्त्रिया नवजात बाळांचा जंतुदोष ओळखू लागल्या, सुईही देऊ लागल्या. त्या 39 गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून नवजात बाळांसाठी गृहभेटींचे काम देशभर 'आशा' ताईंकडे आले.

शिकवणे आणि शिकवलेले पडताळणे, दोन्ही झाले म्हणून त्या बायकांवर विश्वास बसला.

मी कविता लिहितो. मात्रा बोटांवर मोजण्यात जन्म गेला. अम्माही निरक्षर होती, पण तिच्या तसबीचा एक मणी कधी चुकला नाही. मणी आमच्या घरात होते, मोजणारे हातही होते. काय मोजायचे, तेवढे सांगणारे कुणी नव्हते.