डिलाईल रोडची खाणावळ आणि उधारीची वही

स्मरणिकेसाठी जुनं काहीतरी लिहा, असं दिंडीचालकांनी सांगितलं. कीर्तनाला उभं केलं तर दोन तास बोलेन, पण लिहायचं म्हणजे डाव्या हातानं नांगर धरल्यागत होतं. तरी लिहितो. आपल्या दिंडीची राहुटी, भांडी, वीणा, यातलं निम्मं मुंबईच्या वर्गणीतून आलंय, आणि आपल्या गावाची मुंबई म्हणजे डिलाईल रोड.

आता त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. जोशी हे कामगारांचे पुढारी, १९२८ च्या मोठ्या संपात पुढं होते. तो संप सहा महिने चालला. पण आपली माणसं शेवटपर्यंत डिलाईल रोडच म्हणायची. सरकारनं १९२० च्या सुमाराला बी.डी.डी. चाळी बांधायला घेतल्या, वरळीला, नायगावला, शिवडीला आणि इथं. एकेका खोलीत गावकीची वीस-पंचवीस माणसं. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जाग्यावर आडवा. ज्याची त्याची एक ट्रंक, खुंटीवर टाळ आणि शनिवारी भजन. बायकापोरं गावाला. मग जेवायचं कुठं? खाणावळीत.

खाणावळ म्हंजे हॉटेल नव्हे. आपल्यासारखीच एक बाई, तिचा नवरा गिरणीत, एकच खोली. त्याच खोलीत ती पहाटे चारला उठून पंधरा-वीस जणांच्या भाकरी थापायची. दोन वेळचं जेवण, सणाला गोड, पगार झाला की पैसे. गावी गेलं की तेवढ्या दिवसांचा खाडा धरायचा. आमच्या मावशीला माळकरी कोण ते पाठ होतं. एकादशीला आमच्या ताटात भगर आणि शेंगदाण्याची आमटी यायची, सांगावं लागत नसे. मी तिथं १९७९ ला गेलो, साचेखात्यात बदली म्हणून. बदलीवाल्याला काम मिळालं तर मिळालं, नाहीतर गेटावरनं माघारी. मावशीनं त्यावरनं ताटात फरक केला नाही.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख माणूस बाहेर पडला. भोंगे बंद झाले. महिन्यात मिटंल म्हणत होते, दोन महिने गेले, उन्हाळा गेला. पुष्कळ जण गावाला परतले. त्या आषाढीला आपल्या दिंडीत गिरणीवाले कधी नव्हते एवढे होते. जन्मभर रजा मिळत नव्हती म्हणून हळहळणारी म्हातारी माणसं त्या वर्षी चालली, आणि रजा कशी मिळाली ते कुणी बोलत नव्हतं. तो संप मागं घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो तसाच विरला.

मी पाच महिने खोलीवर थांबलो. पाच महिने मावशीनं उधारीवर जेवायला घातलं. तिचा नवराही संपातच. पहिल्यांदा पाटल्या गेल्या, मग मोठी भांडी. मी शेवटी निघालो तेव्हा माझ्याकडं सहाशे चाळीस रुपये बाकी होती.

पुढं कीर्तन करायला लागलो. प्रेमाचा विषय आला की मी मावशीचा दृष्टांत द्यायचो. आपल्यात सांगतात, हेतू नसलेलं प्रेम फक्त देवाचं आणि संतांचं. माणसाच्या प्रेमात काहीतरी अडकलेलं असतंच. गाय वासराला पाजते, पण वासरू प्यालं नाही तर गाईची कासही ठणकते, हे गोठ्यातल्या माणसाला सांगायला नको. मग मी म्हणायचो, डिलाईल रोडला जाऊन बघा, निरपेक्ष प्रेम केलेली बाई मी बघितलीय. लोक डोळं पुसायचे. मलाही बरं वाटायचं. पण पैसे मात्र दिले नव्हते.

१९८७ ला दोन शेळ्या विकल्या आणि गेलो. मावशीनं दार उघडलं, ओळखलं. मी पैसे पुढं केले. मला वाटलं होतं, ती म्हणंल, राहू दे बाबा, तू माझ्या लेकासारखा. तिनं ट्रंकेतनं वही काढली. माझं पान काढलं. दिवसाच्या दिवस लिहिलेलं होतं, वारीला गेलो त्याचा खाडासुद्धा. पैसे दोनदा मोजले, सहाशे चाळीस, आणि पानावर रेघ मारली.

खरं सांगतो, मला उतरल्यासारखं झालं. तिला ते कळलं असावं. म्हणाली, "रोज लिहीत होते म्हणून तुम्ही रोज येत होता. लिहिलं नसतं तर दोन दिवसांत लाजून यायचं बंद झाला असता. फुकट कोण जेवतंय? तुम्ही काय भिकारी होता?"

यावर मी पुष्कळ विचार केला. तुकोबारायांनी दुष्काळानंतर कर्जखतं इंद्रायणीत सोडली. पण आपल्याच वाटणीची, कान्होबांच्या वाटणीची त्यांना दिली. दुसऱ्याचा हक्क त्यांनी बुडवला नाही. मावशीची वही नदीत सोडायची म्हटली तर तिच्यात वाण्याचा वाटा, सावकाराचा वाटा. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचं कोठार दुष्काळात लुटवलं, तेव्हा बादशहाचा हिशेब भरायला विठू महार होऊन देव धावला, असं आपण सांगतो. मावशीच्या वाण्याचा हिशेब भरायला कोण धावलं? आम्हीच धावायला पाहिजे होतं, आणि आम्ही गावोगाव तिच्या प्रेमाची कीर्तनं करत होतो.

अशा बाया शेकड्यांनी होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या, नंतर गिरणी कामगारांत काम केलेल्या. त्यांनी आधीच्या संपात बघितलं होतं की माणसं टिकतात ती खाणावळवाल्यांच्या उधारीवर, आणि त्या बाया स्वतः सावकाराच्या व्याजात बुडतात. म्हणून त्यांनी बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताईंनी या बायांची स्तुती करून सोडली नाही, व्याज कमी केलं. आम्हा कीर्तनकारांना हे सुचलं नव्हतं.

तर अट नसलेलं प्रेम माणसात असतं का? मावशीची अट होती. पैसे द्यायचे. पण कधी, ते तिनं विचारलं नाही, आणि देणार नाही असं कळल्यावरही ताट थांबवलं नाही. ही अट ज्याला अट वाटते त्यानं वाटून घ्यावी. मी आता कीर्तनात निरपेक्ष हा शब्द जपून वापरतो. ऐकणाऱ्याला त्यात सवलत सापडते.

त्या दिवशी वहीतली बाकीची पानं तिनं मला दाखवली. आपल्या गावची सहा नावं होती. त्यातला एक वारला होता, ते मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मी म्हटलं, मग त्याच्या नावावर रेघ मारा. म्हणाली, "रेघ म्हंजे पैसे दिले. त्यानं दिलेले नाहीत. राहू दे त्याचं नाव." गावी आल्यावर उरलेल्या पाच जणांना मी निरोप दिला. दोघांनी पैसे पाठवले.

निघायला उठलो तर तिनं विचारलं, "आज एकादशी ना रे तुझी? थांब, भगर टाकते." जेवलो. ताटाचे किती, म्हटलं. तिनं आकडा सांगितला आणि पैसे घेतले.